तुर्कस्तानातला कारखाना हाती घेताना: मालकाची माया आणि मालकाला 'नाही' म्हणणारा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने बुर्साजवळचा दीडशे-दोनशे कामगारांचा कारखाना विकत घेतला आहे. जुना मालक वर्षभर सल्लागार म्हणून राहणार आहे आणि प्रश्न विचारणारे तिथे कारखानाप्रमुख म्हणून निघाले आहेत. पहिल्या भेटीतच त्यांना चार गोष्टी खटकल्या. बैठकीत सगळे 'हो' म्हणतात, पण काम वेगळंच होतं. खरेदी विभागात मालकाचा भाचा आणि भाच्याचे गाववाले बसलेत. सणाला पुरवठादारांकडून भेटी येतात. आणि पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर बोट गेलेल्या एका कामगाराचा अपघात कागदावर कुठेच नाही. त्यांचा सवाल: हे सगळं तिथल्या संस्कृतीचा भाग समजून सांभाळून घ्यायचं, की पुण्याची आचारसंहिता पहिल्या दिवसापासून लावायची?

अपघाताचं आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे. तुर्कस्तानात कामावर झालेला अपघात मालकाने कामकाजाच्या ३ दिवसांत तिथल्या सामाजिक सुरक्षा संस्थेला, म्हणजे एसजीकेला, कळवायचा असतो. मुदत उलटली असेल तरी उशिरा कळवणं न कळवण्यापेक्षा केव्हाही बरं. दंड होईल, आणि कळवण्याच्या तारखेपर्यंत त्या कामगाराला द्यावा लागणारा तात्पुरत्या असमर्थतेचा भत्ता एसजीके कंपनीकडून वसूल करेल. पण लपवलेला अपघात पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात वर आला, तर त्या कारखान्यातल्या प्रत्येक कागदावर संशय येतो. तुम्ही कंपनीचे शेअर घेतले असतील तर जुनी देणीही तुमच्याच गळ्यात आली आहेत. निघण्याआधी स्थानिक वकील गाठा. दवाखान्याच्या कागदावर 'घरी लागलं' असं लिहून घेतलं असेल तर तेही त्याला सांगा. त्या कामगाराला भेटायला तुम्ही स्वतः जा, मात्र त्याच्याकडून कसल्याही कागदावर सही घेऊ नका.

आता मूळ सवाल. मी बुर्सा आणि कोजाएली पट्ट्यातल्या वाहन उद्योगात बरीच वर्षं काढली आहेत आणि माझं मत पक्कं आहे. तुर्की कारखान्यात नीती भरपूर असते, पण ती माणसाशी बांधलेली असते. उस्तादाने, म्हणजे मशीनवरच्या अनुभवी कारागिराने, शिकवलं, मालकाने वडिलांच्या आजारपणात पैसे दिले, गाववाल्याने नोकरी लावली, त्या माणसाला दगा द्यायचा नाही, हे तिथे फार खोल रुजलेलं आहे. ज्या जागी पगार देणाऱ्यालाच तपासायचं असतं, त्या जागी ही नीती हमखास अपुरी पडते. त्या जागा शोधणं आणि तिथे बसलेल्या माणसाला जपणं हे तुमचं पहिलं काम. बाकी गोष्टींना वेळ देता येतो.

मालकाची माया आधी समजून घ्या. तुर्की उद्योग आजही मोठ्या प्रमाणात घराण्यांचा आहे. वेहबी कोच यांनी १९२६ साली अंकाऱ्यात वडिलांचं दुकान स्वतःच्या नावावर घेतलं, त्यातून १९६३ साली कोच होल्डिंग उभं राहिलं. कायसेरीजवळच्या खेड्यातून अदानाच्या कापूस व्यवसायात गेलेल्या हाजी ओमेर साबांजी यांच्या घराण्याचं होल्डिंग १९६७ चं. दोन्हीकडे घराणं अजून मध्यभागी आहे. तुम्ही घेतलेल्या मापाच्या कारखान्यांत तर मालक म्हणजे 'पात्रोन', आणि तो अर्धा बाप असतो. कामगाराच्या लग्नात तो जातो आणि नवरदेवाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपासचं सोन्याचं नाणं लावतो. मयताला जातो. रमझानात धान्य-तेलाची खोकी वाटतो. नवी प्रेस बसली की दारात मेंढा कापतात, मांस कामगारांत आणि गरिबांत वाटतात. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्राला हार घालतात, त्या जागी तिथे हे असतं, आणि नव्या प्रमुखाने तिथे उभं राहावं अशी अपेक्षा असते.

कोच विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ झेनेप आयजान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १० देशांची तुलना प्रसिद्ध केली होती. वरिष्ठाने बापासारखं वागावं ही अपेक्षा भारत, पाकिस्तान, चीन आणि तुर्कस्तान या चार देशांत ठळकपणे जास्त दिसली. म्हणून मराठी मॅनेजरला बुर्सा पहिल्या आठवड्यात घरासारखं वाटतं, आणि धोका नेमका तिथे आहे. ओळखीचं वाटलं की माणूस विचारायचं थांबतो.

ही माया कायद्यातही उतरली आहे. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला काढलं तर दर वर्षामागे ३० दिवसांच्या ढोबळ, म्हणजे कपातीआधीच्या, पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्या पुरुषाला ती मिळते आणि लग्नानंतर वर्षाच्या आत स्वतःहून नोकरी सोडणाऱ्या बाईलाही मिळते. स्त्रीने लग्नानंतर घरी बसणं कायद्याने इतकं सोपं करून ठेवलं, याचा मला मनापासून राग येतो. चांगल्या बायका सुपरवायझर होण्याच्या उंबरठ्यावरून परत जाताना मी पाहिल्या आहेत. तुमच्याकडे अशी कुणी असेल तर तिच्या राजीनाम्यावर सही करण्याआधी तिला कामाची पाळी, वाहतूक, पद यांतलं काय बदललं तर थांबशील, हे एकदा विचारा.

पण जिथे माया आहे तिथे गप्प बसणंही आहे. मानिसा प्रांतातल्या सोमा इथे १३ मे २०१४ रोजी कोळशाच्या खाणीत आग लागली आणि ३०१ माणसं गेली, बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने. कोळसा सरकारी, खोदणारी कंपनी खासगी, आणि जास्त टन म्हणजे जास्त पैसे असा करार. माणसं आणायचं आणि त्यांच्याकडून काम काढून घ्यायचं काम 'दायीबाशी' करत, म्हणजे मुकादम, बहुधा त्यांच्याच गावचे. ज्याने नोकरी लावली तोच डोक्यावर उभा असताना खाण गरम लागतेय हे कुणी कुणाला सांगायचं? कामगार सुरक्षेचा नवा कायदा, क्रमांक ६३३१, २०१२ पासून अस्तित्वात होता. मार्च २०१४ मध्ये सरकारी तपासणीही होऊन गेली होती.

असाच दुवा बांधकामात आहे. २००१ सालच्या कायद्याने इमारतींची तपासणी खासगी कंपन्यांकडे दिली, आणि प्रत्यक्षात बिल्डरच आपला तपासनीस निवडायचा. २०१९ पासून मंत्रालयाच्या संगणकावरून तपासनीस नेमला जाऊ लागला. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तुर्कस्तानात ५३ हजारांहून जास्त लोक मेले. कोसळलेल्या बऱ्याच इमारती २००१ च्याही आधीच्या होत्या, तेव्हा सगळा दोष या एकाच पद्धतीवर टाकणं बरोबर नाही. तरी ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस निवडायचा आणि त्याचं बिल भरायचं, ही व्यवस्था १८ वर्षं चालली हे खरं.

तुमच्या कारखान्यात हीच व्यवस्था आज चालू असणार. कायद्याने सुरक्षा तज्ज्ञ ठेवावा लागतो. तुमच्या आकाराच्या कारखान्यात तो बहुधा बाहेरच्या एजन्सीकडून महिन्याला ठरावीक तास येतो आणि एजन्सीचं बिल कारखाना भरतो. त्याच्याकडे शिक्का मारलेली, पानांवर क्रमांक घातलेली एक वही असते. पान एक, खाली दोन प्रती. त्यात लिहिलेली सूचना मालकाला रीतसर कळवली असं कायदा धरतो. म्हणूनच त्या वहीत कुणी फारसं लिहीत नाही.

एका प्रेस शॉपचं सांगतो. मी वही चाळली तर महिन्यामागून महिने एकच वाक्य: कामगारांना सुरक्षा प्रशिक्षण द्यावे. त्याच वेळी एका मोठ्या प्रेसची लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, किल्ली फिरवून बंद ठेवलेली होती. पत्र्याच्या कडेने तो पडदा वारंवार तुटायचा आणि प्रेस थांबायची, म्हणून. सगळ्यांना माहीत होतं. तज्ज्ञानेही उस्तादाला तोंडी सांगितलं होतं, चहा पिताना. मी त्याला वहीबद्दल विचारलं तर तो माझ्याकडे न बघता उत्पादनप्रमुखाच्या काचेच्या खोलीकडे बघत राहिला.

त्याला भाषण देऊन काही झालं नसतं. आम्ही एजन्सीचा करार कारखान्याकडून काढून मुख्यालयाच्या वित्त विभागाकडे नेला. नूतनीकरण करायचं की नाही हे कारखानाप्रमुखाच्या हातात ठेवलं नाही, माझ्याही नाही. वहीच्या पानाचा फोटो त्याच दिवशी मुख्यालयात जाईल असं ठरवलं. २०१५ साली कामगार सुरक्षेच्या त्या ६३३१ क्रमांकाच्या कायद्यात एक कलम आलं आहे: धोका सरकारला कळवला म्हणून तज्ज्ञाला किंवा कंपनीच्या डॉक्टरला काढलं, तर किमान वर्षभराच्या मोबदल्याइतकी भरपाई द्यावी लागते. ते कलम त्याच्यासमोर उत्पादनप्रमुखाला वाचून दाखवलं. पुढच्या खेपेला वहीत प्रेसचा क्रमांक, पडद्याचा दोष आणि 'दुरुस्तीपर्यंत मशीन चालवू नये' हे लिहून आलं. दीड पाळी प्रेस बंद राहिली, ग्राहकाचा माल उशिरा गेला, ग्राहकाने दंड लावला. तो दंड आम्ही उत्पादनप्रमुखाच्या बोनसमधून धरला नाही, आणि ही बातमी शॉपमध्ये दुपारच्या जेवणापर्यंत पोचली होती. त्यानंतर लोक लिहायला लागले.

गुणवत्ता तपासणी, गेटवरचा वजनकाटा, माल उतरवून घेणारा क्लार्क, पगार काढणारी मुलगी, या प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारा: हा माणूस 'नाही' म्हणाला तर त्याचं नुकसान कोण करू शकतो? तो दोर तोडा.

बैठकीतला 'हो' त्यामानाने सोपा आहे. संस्कृती मोजणारे गिर्त हॉफस्टेड यांच्या आकड्यांत वरिष्ठ-कनिष्ठ अंतर तुर्कस्तानात ६६ आणि भारतात ७७ आहे, म्हणजे त्यांच्यापेक्षा आपण जास्त वाकतो. अनिश्चिततेची अस्वस्थता मात्र त्यांच्याकडे ८५, आपल्याकडे ४०. एखाद्या देशाला आकड्यात बसवणं मला फारसं रुचत नाही, पण हा फरक मी रोज अनुभवला. आपलं 'सुरू तर करू, पुढचं पुढे बघू' तिथल्या इंजिनिअरला जबाबदारी टाळल्यासारखं वाटतं. त्याला वरिष्ठाकडून स्पष्ट, लेखी, तारखेसकट सूचना हवी असते. ती नसली की तो 'हो' म्हणतो आणि जुन्या पद्धतीने करतो. बैठकीत 'होईल ना?' विचारू नका, 'कशामुळे अडेल?' विचारा. आणि मोठा निर्णय असेल तर आदल्या दिवशी प्रत्येक उस्तादाकडे मशीनपाशी जाऊन, चहाचा ग्लास हातात घेऊन, एकेकट्याचं मत घ्या. चारचौघांत वरिष्ठाला खोडून काढणं तिथे उद्धटपणा आहे. एकट्यात मात्र तुर्की माणूस आपल्यापेक्षा कितीतरी सडेतोड बोलतो, आवाजही चढवतो, आणि दहा मिनिटांनी तुमच्यासाठी चहा मागवतो. त्या चढलेल्या आवाजाला घाबरू नका.

मुख्यालय बहुधा तक्रारीसाठी हॉटलाइन लावायला सांगेल. लावा, तुर्की भाषेत लावा, पण तिच्यावर विसंबू नका. सहकाऱ्याचं नाव गुपचूप कळवणाऱ्याला तिथे चुगलखोर समजतात आणि तो शिक्का पुसत नाही. शिवाय खासगी क्षेत्रात तक्रार करणाऱ्याला सर्वसाधारण संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा तुर्कस्तानात नाही. कामगारांना बोलायला जागा नसली की काय होतं, हे बुर्साने मे २०१५ मध्ये पाहिलं. शेजारच्या एका कारखान्यात जास्त चांगला वेतन करार झाला, तसा आपल्याला का नाही म्हणून ओयाक-रेनोच्या कामगारांनी काम थांबवलं, हजारोंनी आपल्याच युनियनचे राजीनामे दिले, आणि ते लोण तोफाशसारख्या इतर कारखान्यांत पसरलं. राग जितका पगाराचा होता तितकाच आपलं कुणी ऐकत नाही याचा होता. ते आठवडे बुर्सातला कुठलाही मॅनेजर विसरलेला नाही.

आता भाचा. त्याला लगेच काढू नका. नात्याने आलेला माणूस तिथे आपोआप नालायक ठरत नाही, बरेचदा तो जास्त राबतो कारण मामाची अब्रू त्याच्यावर आहे. त्याचे अधिकार विभागा. पुरवठादार निवडणं त्याच्याकडे, दर मंजूर करणं वित्ताकडे, माल तपासून घेणं गुणवत्तेकडे. खरेदीतल्या प्रत्येकाकडून पुरवठादारांशी असलेल्या नात्यागोत्याची लेखी माहिती घ्या, तुमच्यापासून सुरुवात करून. खरोखर लाच सापडली तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: प्रामाणिकपणाचा भंग म्हणून भरपाई न देता काढायचं असेल, तर गोष्ट कळल्यापासून कामकाजाच्या ६ दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. पुण्याची चौकशी समिती बसेपर्यंत तो हक्क गेलेला असतो, आणि चोरालाही वर्षांच्या हिशेबाने भरपाई मोजावी लागते. म्हणून कोण, किती तासांत, कुणाला कळवेल आणि सही कोण करेल, हे आधीच कागदावर ठरवा. त्याचा लेखी खुलासा घ्यायला विसरू नका. २०१८ पासून कामगारांचे पैशांचे किंवा नोकरी परत मिळवण्याचे दावे कोर्टात जाण्याआधी मध्यस्थाकडे जातात, आणि तिथे तुमच्या बाजूने बोलायला कागदच असतात.

भेटींचं फार ताणू नका. बायरामला, म्हणजे ईदला, गाझियांतेपच्या बकलाव्याचा, म्हणजे तिथल्या नावाजलेल्या मिठाईचा, डबा आला आणि तुम्ही परत पाठवला, तर समोरचा दुखावतो आणि तुम्हाला त्यातून मिळत काहीच नाही. कंपनीच्या नावाने घ्या, वहीत नोंदवा, चहाच्या खोलीत सगळ्यांसाठी उघडा. रोख, सोनं, प्रवास, हॉटेल यांना मात्र सरळ नकार, आणि तो फोनवर न देता भेटून द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण पाहाच: पगाराचा काही भाग पाकिटातून दिला जात होता का? एसजीकेकडे किमान वेतन दाखवायचं आणि वरचे पैसे हातात द्यायचे, ही लहान-मध्यम कारखान्यांतली जुनी सवय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई वर्षाला ८५ टक्क्यांच्या वर गेली होती. अशा काळात कामगारही आज हातात जास्त पडावं म्हणून याला राजी होतो, आणि त्याचं निवृत्तिवेतन कायमचं कमी होतं. हे तुम्ही पहिल्या वर्षात बंद करायला हवं, खर्च वाढला तरी. तसंच, १५० हून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं आहे. बायकांची संख्या वर्षानुवर्षं त्या रेषेच्या जेमतेम खाली घुटमळत असेल तर कारण विचारा.

रोजच्या वागण्याबद्दल फार लिहीत नाही. पुरुषाच्या पहिल्या नावामागे बेय आणि बाईच्या नावामागे हानिम लावा. १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी अतातुर्कांच्या स्मृतीसाठी भोंगा वाजतो, तेव्हा जिथे असाल तिथे उभे राहा. एकाच टेबलावर रोजा धरणारा आणि संध्याकाळी राकी, म्हणजे तिथली दारू, पिणारा शेजारी बसतात, कुणाचीही बाजू घेऊ नका. आणि मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला, त्याची आठवण तिथे तुम्हाला कुणीतरी नक्की करून देईल. काश्मीर आणि पाकिस्तान हे विषय कारखान्यात बोलायचे नाहीत, हे नम्रपणे सांगून मोकळे व्हा. जाण्याआधी पुण्यातच माहिती मिळेल: मेट्रोचा भुयारी मार्ग गुलेरमाक या तुर्की कंपनीने टाटा प्रोजेक्ट्ससोबत खणला. तुर्की इंजिनिअरांच्या खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसं शहरात आहेत, त्यांच्यासोबत एक संध्याकाळ काढा.

राहिला जुना मालक. मुख्यालयाला तो अडचण वाटत असेल, मला तो तुमची सर्वांत मोठी ताकद वाटते. कामगार अजून वर्षभर तुमच्या आदेशाआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघणार आहेत. त्याला खुर्चीवरून बाजूला सारण्यात शक्ती घालवू नका. पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी जेवायला जा आणि एकच गोष्ट मागा: दोन्ही पाळ्या एकत्र असताना, तुर्कीत, स्वतःच्या तोंडाने त्याने सांगावं की सुरक्षा तज्ज्ञ किंवा ऑपरेटर यांच्यापैकी कुणीही प्रेस थांबवू शकतो आणि थांबवणाऱ्याला कुणी हात लावणार नाही. त्याच ६३३१ क्रमांकाच्या कायद्याच्या तेराव्या कलमाने जवळ आलेल्या गंभीर धोक्यात काम नाकारायचा हक्क कामगाराला आधीच दिला आहे. पण त्या शॉपमध्ये तो हक्क पात्रोनच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी वापरणार नाही. त्याने हे सांगायला नकार दिला, तर सल्लागाराचा करार वर्षभर चालवायचा का, याचा निर्णय तुम्हाला त्याच आठवड्यात घ्यावा लागेल.